विरुद्ध मताची शोकसभा

तेजस्वीच्या इंग्रजीत चूक सापडत नव्हती, आणि सरोजिनी मॅडमचा सगळा वैताग तिथूनच सुरू होत होता. चूक असती तर दुरुस्त करता आली असती.

शाहूपुरीत पंप आणि मोटारी विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मॅडमचा क्लास आहे. परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांना इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी तिथं करून घेतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मॅडमनी हा उद्योग काढला, तेव्हा त्यांचे यजमान अभिराम म्हणाले होते की आता तरी घरी बसावं. मॅडम म्हणाल्या, तुमचं अगदी बरोबर आहे, मात्र मला करमणार नाही. समोरच्याचं आधी बरोबर म्हणायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, ही कला मॅडमच्या अंगात जन्मापासून होती. ती कुणालाही शिकवता येते, असा त्यांचा समज होता. तेजस्वी क्लासला येईपर्यंत तो टिकून होता.

तेजस्वी आकाराम नांदवडेकर ही नेसरीच्या पुढं, आत असलेल्या एका गावची. डेअरी टेक्नॉलॉजीची पदवी, एमआयडीसीतल्या एका खासगी दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये नोकरी, आणि आयर्लंडमधल्या एका विद्यापीठानं पुढच्या शिक्षणासाठी धरून ठेवलेली जागा. अट एकच, निबंधाला नऊपैकी साडेसहा. ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत तिला त्याहून जास्त होते. बोलण्यात तर इतके, की परीक्षकाला मध्ये तोंड घालायला फट मिळाली नसावी, असा मॅडमचा अंदाज होता. निबंधात मात्र दोनदा साडेपाच. विद्यापीठानं कळवलं होतं, मेअखेरपर्यंत थांबतो, मग जागा दुसऱ्याला. म्हणजे अजून एकदा परीक्षेला बसता येत होतं, आणि तेवढ्यात जमलं नाही तर आयर्लंड संपलं.

या परीक्षेत निबंधाचा प्रश्न बहुधा एकाच साच्यातला असतो. काही लोकांना असं वाटतं, काही लोकांना तसं वाटतं; दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या. मॅडमनी पहिल्यांदा विषय दिला, शहर बरं की खेडं बरं. तेजस्वीनं लिहिलं, खेडं बरं. का बरं, ते एक पानभर लिहिलं. मग नवा परिच्छेद पाडून लिहिलं की ज्यांना शहर बरं वाटतं ते चुकतात, आणि ते का चुकतात ते आता पाहू.

मॅडमनी समजावलं, दोन बाजूंच्या मध्ये सांधा लागतो. बोर्डवर शब्द लिहून दिले. हाउएव्हर, म्हणजे मात्र. ऑल्दो, म्हणजे जरी. ऑन द अदर हँड, म्हणजे दुसरीकडे पाहता. नेव्हरदलेस, म्हणजे असं असूनही. हे शब्द दिसले की वाचणाऱ्याला कळतं, आता गाडी वळणार. तेजस्वीनं शब्द उतरवून घेतले, पाठ केले आणि दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे वापरून आणले. खेडं चांगलं असतं. हाउएव्हर, ते फारच चांगलं असतं. ऑन द अदर हँड, शहरात धूर असतो. ऑल्दो शहरात मोठे दवाखाने असतात, तरी त्यांची गरज त्या धुरामुळंच पडते.

व्याकरण चोख होतं. मॅडमनी लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. गाडीनं डावीकडचा दिवा लावला होता, उजवीकडचा लावला होता, आणि ती गेली होती सरळ.

“यात शहराची बाजू कुठं आहे गं?”

“दिली की मॅडम. दवाखाने दिले न्हाईत काय त्यांना?”

खाली दुकानात गिऱ्हाइकाला पंप लावून दाखवत होते. त्याची घरघर थांबेपर्यंत मॅडमना बोलायची सोय नव्हती. एरवी त्यांना त्या आवाजाचा त्रास व्हायचा. त्या दिवशी तो लवकर थांबला याचंच त्यांना वाईट वाटलं.

खरा घोळ काय आहे, हे त्यांना हळूहळू तेजस्वीच्या बोलण्यातून कळत गेलं. तिच्या गावात दूध संस्थेचे दोन गट होते. वरच्या गल्लीचा आणि खालच्या गल्लीचा. तेजस्वीचे वडील आकाराम हे वरच्या गल्लीचे म्होरके. दर निवडणुकीला ते पॅनेल उभं करायचे आणि दर निवडणुकीला पडायचे. चहा कुठल्या टपरीवर प्यायचा, दाढी कुणाकडं करायची, मुलीला स्थळ कुणाच्या ओळखीनं आलं तर बघायला जायचं, हे सगळं गटावर ठरलेलं. समोरच्या गटाच्या घड्याळात वाजलेले बारा आपल्या गटात वाजलेले नसायचे. शाळेत असल्यापासून तेजस्वी टेम्पोत माईक धरून पॅनेलचा प्रचार करायची. त्या माईकवरून तिनं समोरच्यांना एखाद्या गोष्टीत बरोबर म्हटलं असतं, तर टेम्पो तिथंच थांबला असता आणि तिला चालत घरी जावं लागलं असतं.

मॅडमनी एक उपाय करून पाहिला. तेजस्वी म्हशीच्या दुधाच्या पक्क्या बाजूची होती. तिला म्हणाल्या, गायीच्या दुधाच्या बाजूनं एक परिच्छेद लिही, म्हशीचं नाव काढू नकोस. तेजस्वी पेन चावत बसली. क्लासची वेळ संपत आली तेव्हा कागद पुढं सरकवला. त्यावर एक वाक्य होतं. गायीचं दूधसुद्धा पांढरंच असतं.

“पुढं?”

“पुढं काय सापडंना.”

मॅडम पुण्याच्या एका मैत्रिणीशी फोनवर बोलल्या. मैत्रीण म्हणाली, विषयाचा अभ्यास कमी पडत असेल, वाचायला लाव. मॅडमनी वाचायला लावलं. तेजस्वीनं गायीच्या दुधावर सगळं वाचलं, त्यातला प्रत्येक मुद्दा तिला पाठ झाला, आणि पुढच्या निबंधात तिनं त्यातला एकेक खोडून काढला. निबंध पूर्वीपेक्षा लांब झाला, एवढाच फायदा.

एप्रिल संपत आला. एका संध्याकाळी मॅडमनी चौथ्यांदा की पाचव्यांदा तेच समजावायला घेतलं, आणि तेजस्वीचाही धीर सुटला. ती मूळची रागीट नव्हती. पण लॅबमधून सुटून दमून यायचं, जे बरोबर ते चोख इंग्रजीत लिहायचं, आणि तरी साडेपाच, याचा तिला आता अपमान वाटू लागला होता. कोल्हापूरकडच्या मुली बोलतात तशी तीही स्वतःविषयी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची. वैतागली की तो ‘तो’ जरा जास्तच ठणठणीत व्हायचा.

“मॅडम, मी सांगतो तुम्हाला. तिसऱ्या परिच्छेदात पलटी मारायला सांगालाय तुम्ही मला.”

“पलटी नाही गं. समोरच्याचं फक्त ऐकून घ्यायचं.”

“आमच्याकडं ऐकून घ्यायला गेलेला माणूस परत येत न्हाई.”

मॅडमनी त्या रात्री जेवताना अभिरामना हे सांगितलं. अभिराम म्हणाले, तिचं बरोबर आहे. मॅडमनी विचारलं, आणि माझं? अभिराम म्हणाले, तुझंही बरोबर आहे. मॅडमना पहिल्यांदाच वाटलं की अशा माणसाबरोबर राहणं किती कंटाळवाणं असू शकतं.

त्यानंतर तेजस्वी चार-पाच दिवस क्लासला आली नाही. आली ती सरळ गावाहून, बॅग खांद्याला, निबंध काही नाही, तोंड उतरलेलं. खालच्या गल्लीचे केरबा अण्णा वारले होते. दूध संस्थेचे चेअरमन, आकारामना प्रत्येक वेळी पाडणारा माणूस. आता संस्थेच्या दारात शोकसभा ठरली होती, आणि त्यांच्या गावात अशा सभेत पहिलं भाषण विरोधकाचं असतं. बाकीचे रडले तर ते घरचे म्हणून रडले, विरोधक काय बोलतो त्यावर माणसाची किंमत ठरते, असा तिकडचा हिशेब. आकारामना आयुष्यात अण्णांच्या विरोधात बोलण्याचीच सवय. त्यांनी मुलीला सांगितलं, तू एवढं इंग्लिश लिवतीस, मराठीत एक पान लिवायला काय हुतंय. सभा दुसऱ्या दिवशी होती.

“लिहिलंस का मग?”

तेजस्वीनं कागद दिला. मॅडमनी वाचला. कैलासवासी केरबा अण्णांनी दूध थंड ठेवायचं मोठं यंत्र, बल्क कूलर, संस्थेत येऊ दिलं नाही. त्यामुळं दर उन्हाळ्यात सभासदांचं दूध नासलं. त्याची जबाबदारी त्यांनी कधीही घेतली नाही. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो.

मॅडम तीस वर्षं कॉलेजात शिकवत होत्या, पण वर्गात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी चढला. त्यांनी विचारलं, हे तुझे वडील अण्णांच्या बायकोसमोर वाचणार? मुलासमोर? तेजस्वी म्हणाली, खरं हाय ते, मी खोटं कसं लिहू. मॅडम म्हणाल्या, खोटं कुणी लिहायला सांगितलं? मी गेले तीन महिने तुला एकदा तरी खोटं लिही म्हटलंय का? पोरी, जे खरं आहे तेच लिही, पण सगळं लिही. त्या माणसाबद्दल तुझ्याजवळ एवढं एकच खरं आहे? मग हा कागद वाचूच नका, दोन मिनिटं उभे राहा आणि घरी या.

मग त्या खाली बसल्या. आपण ओरडलो याची त्यांना लाज वाटत होती, आणि ती मुलगी अजूनही गप्प बसलीये याचा रागही येत होता.

“एक सांग,” त्या म्हणाल्या. “एकच.”

तेजस्वी खिडकीतून बाहेर बघत बसली. मग खालच्या आवाजात बोलू लागली. शाळेत असताना सकाळी दुधाची किटली घेऊन संस्थेत तीच जायची. दुधातली फॅट मोजायचं यंत्र कोपऱ्यात असायचं, आणि तिथं वरच्या गल्लीच्या पोरांना कुणी उभं राहू द्यायचं नाही. तिला ते बघायचं असायचं. ती दारातून टाचा उंचावायची. केरबा अण्णा खुर्ची टाकून दारात बसलेले असायचे. एक दिवस त्यांनी यंत्रावरच्या माणसाला बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाले, आकारामाची असली म्हणून काय झालं, बघू दे तिला. नुसतं बघू दिलं नाही, आकडा कसा वाचायचा तेही सांगितलं. मग ती रोज उभी राहू लागली. दहावी होईपर्यंत.

“बाबांना ह्यातलं कायबी म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. “तिथं बघून बघूनच मी ह्या लाइनीत आलो की मॅडम.”

मॅडमनी नुसता कोरा कागद पुढं सरकवला.

तेजस्वीनं लिहायला घेतलं. आधी फॅटच्या यंत्राचं लिहिलं, मग ‘मात्र’ लिहून कूलरचं. मॅडमनी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं. अण्णांनी विरोधकाच्या मुलीला यंत्रासमोर उभं केलं, मात्र त्यांनी संस्थेत कूलर येऊ दिला नाही. वाचून झाल्यावर खोलीत जे काही उरलं होतं ते नासकं दूध होतं. मॅडम म्हणाल्या, आता उलटं वाच. अण्णांनी संस्थेत कूलर येऊ दिला नाही, मात्र त्यांनी विरोधकाच्या मुलीला यंत्रासमोर उभं केलं. तेजस्वीनं दोन्ही पुन्हा एकदा मनात वाचलं. शब्द तेच, माणूस तोच, कुणाचं काही लपवलेलं नाही.

“म्हणजे मात्रच्या पलीकडं जो बसला, तो निवडून आला.”

“आणि अलीकडचा?” मॅडमनी विचारलं.

“अलीकडच्याचं डिपॉझिट वाचलं.” ती जरा थांबली. “मग पलटी कुठं झाली ह्यात?”

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. तीन महिने त्या हेच सांगत होत्या, पण हे आता बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. तेजस्वीची गावाकडची एसटी चुकली असती.

सभेचं वर्तमान तेजस्वीनं आल्यावर सांगितलं. आकाराम कागद घेऊन उभे राहिले. कूलरपाशी त्यांचा आवाज खणखणीत होता, खालची गल्ली चुळबुळ करू लागली होती. मग ते ‘मात्र’च्या पलीकडं गेले आणि यंत्राच्या ओळीवर अडकले. ती त्यांनी आधी वाचलीच नव्हती. कागदावरून मान वर करून त्यांनी बायकांत बसलेल्या लेकीकडं पाहिलं, भर सभेत, बराच वेळ. पुन्हा खाली बघून उरलेलं वाचलं, पण आता इतक्या हळू की मागच्यांना ऐकू गेलं नाही. अण्णांचा मुलगा विश्वजित उठला आणि त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. आकारामांनी तो घेतला. खालच्या गल्लीच्या हातचं पाणी. वरच्या गल्लीत रात्रीपर्यंत बोललं गेलं की म्होरक्या फुटला.

घरी आल्यावर आकाराम लेकीशी बोलेनात. जेवण झाल्यावर म्हणाले, कूलरचं वाक्य कुणी ऐकलंच न्हाई. ती म्हणाली, ऐकलं बाबा, आठवणीत राहिलं न्हाई एवढंच, ती जागाच तसली हाय. आकाराम म्हणाले, मग तिथं कशाला बसवलंस माझं वाक्य? त्यावर तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते तिनं दिलं नाही. मॅडमना ही प्रगती वाटली.

त्यानंतर तेजस्वीनं स्वतःची रीत बसवली. लिहायला बसलं की समोरचं मत वारलंय असं धरायचं. त्याच्या घरची माणसं पुढच्या रांगेत बसलीत. त्यांच्यासमोर खोटं बोलायचं नाही आणि ओरखडाही काढायचा नाही. मग हाउएव्हर, आणि त्याच्या पलीकडं आपला माणूस.

रीत चांगली होती, पण सुरुवातीला तिनं मॅडमना नव्यानं घाम फोडला. ऑनलाइन खरेदीवरच्या निबंधात तिनं लिहिलं की ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांचं योगदान समाज कधीही विसरू शकणार नाही. घरून काम करणाऱ्यांच्या जाण्यानं कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाल्याचंही लिहिलं. मॅडम ओळीमागून ओळ काटत होत्या, दुःख कमी कर, अजून कमी कर, ते जिवंत आहेत गं असं म्हणत होत्या. तेजस्वी म्हणायची, जिवंत हायत असं धरलं की मला चांगलं सुचत न्हाई. तरी पोकळी हळूहळू गेली, योगदान राहिलं, आणि एक दिवस गायीच्या दुधावर एक अख्खा परिच्छेद आला. लहान बाळांना पचतं, असं त्यात लिहिलं होतं. मॅडमनी तो दोनदा वाचला. पुढचं हाउएव्हर योग्य जागी होतं.

परीक्षा झाली त्या दुपारी तिचा फोन आला. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, दोन्ही बाजू मांडायला सांगितलं होतं ना? तेजस्वी म्हणाली, न्हाई. या वेळी प्रश्न निराळा आला होता. शाळेत मुलांना शेतीकाम शिकवावं असं काही लोक म्हणतात, तुम्ही कितपत सहमत आहात? अशा प्रश्नाला एकच बाजू घेतली तरी चालतं. हे मॅडमनीच शिकवलं होतं, आणि दोन्ही खेपेला तसा प्रश्न न आल्याबद्दल त्याच हळहळल्या होत्या.

“मग सुटलीस,” मॅडम म्हणाल्या. “सरळ सहमत म्हणून लिहायचं.”

“लिहायला घेतलं की. जोरात चाललंतं.”

“चाललं होतं म्हणजे?”

मधेच तिचा हात थांबला होता. पानभर शेतीकाम शिकवावंच असं लिहून झालं, आणि तिला वाटलं, समोरच्यांच्या बाजूनं बोलायला सभेत कुणीच आलेलं नाही. ज्यांची मुलं आधीच घरी राबतात, त्यांनी मुलांना शाळेत तरी नुसतं वाचू द्या म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? मग तिनं कुणी न मागितलेला एक परिच्छेद त्यांच्यासाठी लिहिला. मग हाउएव्हर. मग शेवट लिहायला वेळ उरला नाही. समारोपाचं एकच वाक्य झालं, तेही घाईत.

मॅडमनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. तीन महिने मागितलं तेव्हा ती एक ओळ देत नव्हती. आज कुणी मागत नव्हतं, तर अख्खा परिच्छेद देऊन आली, आणि तोही घड्याळ समोर असताना. यात रागावायचं कुणावर, हे त्यांना ठरवता येईना. परीक्षकावर रागावता येत नव्हतं. मुलीवर रागवावं, तर शिकवलेलं होतं त्यांनीच. अभिरामनी चहा आणून ठेवला आणि काही तरी बरोबर असल्याचं सांगायला तोंड उघडलं, ते मॅडमकडं बघून मिटलं.

निकालापर्यंतचे दिवस फार वाईट गेले. क्लासमधल्या दुसऱ्या मुलांनी हाउएव्हर वापरलं की मॅडमना दचकायला व्हायचं. एका मुलाच्या निबंधात त्यांनी एक अगदी बरोबर जागचं हाउएव्हर खोडलं. मग आपणच ते परत लिहिलं.

निकाल लागला तेव्हा फोन तेजस्वीचा नाही, आकारामांचा आला. मॅडम त्यांच्याशी यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. मागून दुधाच्या किटल्यांचा आवाज येत होता. आकारामांनी आधी मॅडमची आणि यजमानांची तब्येत विचारली, कोल्हापुरात ऊन किती हाय ते विचारलं, आणि मग म्हणाले की पोरीला साडेसहा पडलं. बरोबर साडेसहा. ती देवाला गेलीया, म्हणून मीच फोन लावला. मॅडमनी अभिनंदन केलं. आकाराम फोन ठेवतील असं त्यांना वाटलं, पण त्यांना अजून काही तरी विचारायचं होतं. दोनदा विचारायला गेले आणि थांबले.

“मॅडम, दोनदा साडेपाच दिलं, आता साडेसहा. म्हणजे ह्या टायमाला तपासणारा आपल्यातला भेटला म्हणा की.”

शेतीकामाच्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, असं त्यांना विचारायचं होतं हे मॅडमना कळलं. त्यांनी थोडा विचार केला.

“आपल्यातला नसणार,” त्या म्हणाल्या. “समोरच्यातलाच असेल. तरी त्यानं दिले.”

पलीकडं एक किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मग माणूस चांगला म्हणायचा,” आकाराम म्हणाले. “विचारून बघा की त्याला. आमच्या पॅनेलात येतोय काय.”